जागल्यांची सोबत

रात्रीचे तीन वाजले आहेत. सारा गाव गाढ झोपेत आहे. एका घरात मात्र दिवा लागतो. ऐंशी उलटलेल्या आजी अंथरुणावरून उठतात, उशाजवळचे गाठोडे काखेत घेतात आणि ज्या घरात त्या नववधू म्हणून आल्या, जिथे त्यांनी पाच लेकरांना वाढवले, त्याच घराच्या दाराशी उभ्या राहून सुनेला म्हणतात, "बाई, मला माझ्या घरी पोचव. आई वाट पाहत असेल." सून त्यांना हाताला धरून परत आणते, पाणी पाजते, समजूत घालते. अर्ध्या तासाने पुन्हा तेच गाठोडे, तोच दरवाजा, तीच विनवणी. पहाट होते. मुलांचे डबे भरायचे असतात, कामाची गाडी गाठायची असते. आजींना रात्रीतले काही आठवत नाही. सुनेला मात्र सारे आठवते.

असे एखादे घर आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. आजींच्या आजाराला आज नाव आहे: स्मृतिभ्रंश. त्यावर मोठमोठे ग्रंथ झाले, संशोधनसंस्था उभ्या राहिल्या. पण त्या सुनेला काय म्हणावे? इस्पितळात पगार घेऊन रुग्णसेवा करणारीला आपण परिचारिका म्हणतो. घरी वर्षानुवर्षे विनावेतन तीच सेवा करणारीला सून, लेक, पत्नी अशी केवळ नात्याची नावे आहेत, तिच्या कामाला नाव नाही. पूर्वीच्या गावगाड्यात रात्री गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत आणि त्याच्या जागरणाबद्दल त्याला धान्याचा वाटा मिळे. घरोघरच्या या जागल्यांना कोणता वाटा मिळाला, त्यांना एकमेकांची ओळख कशी पटली, आणि पत्र, दूरध्वनी, संगणक ही साधने त्यांच्या कितपत उपयोगी पडली, याचा इतिहास फारसा कोणी सांगितलेला नाही. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

फ्रांकफुर्टचा विसरलेला पती

या आजाराच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभ बहुधा एकाच प्रसंगाने केला जातो. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांचे नाव आलोइस अल्झायमर. त्यांनी पतीचे नाव विचारले, तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूच्या सूक्ष्म तपासणीतून दिसलेले बदल मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन या ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या कथेत आणखी एक माणूस आहे. ऑगस्टेचा पती कार्ल रेल्वेत कारकून होता. अल्झायमर यांनी नोंदवून ठेवले आहे की तिच्या आजाराचे पहिले ठळक लक्षण म्हणजे पतीविषयीचा तीव्र संशय. म्हणजे स्मृती जाण्याआधीच त्या संसारातला विश्वास गेला होता. रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वी कार्लने घरात कोणते दिवस काढले असतील? कचेरीत असताना त्याच्या जिवाची किती घालमेल झाली असेल? यांपैकी काहीही कोणी टिपून ठेवले नाही. ऑगस्टेची हरवलेली रुग्णनोंद १९९५ मध्ये फ्रांकफुर्टमध्येच पुन्हा सापडली आणि तिची उत्तरे जगाने वाचली. कार्लला मात्र त्या पानांवर कोणी प्रश्न विचारल्याचे आपल्याला वाचायला मिळत नाही.

पुढची साठ-सत्तर वर्षे वैद्यकशास्त्रानेही या घरांकडे पाहिले नाही. 'अल्झायमरचा आजार' हे नाव तुलनेने तरुण वयातील रुग्णांपुरते राखले गेले. साठी-सत्तरीनंतर विसर पडू लागला की ते वार्धक्याचेच लक्षण मानले जाई. आपणही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे झालो होतो. जे वार्धक्यच आहे, त्यासाठी डॉक्टर कशाला? आणि जे नैसर्गिक आहे, ते सोसणाऱ्या घरच्या माणसांची विचारपूस तरी कशाला? अशा रीतीने आजार लपला आणि त्याच्या आडोशाला त्या आजाराशी झुंजणारे घरही लपले.

एका धर्मसेविकेचे पत्र

घरच्या शुश्रूषेला सार्वजनिक प्रश्न म्हणून प्रथम वाचा फोडली ती इंग्लंडमधील एका स्त्रीने. मेरी वेब्स्टर या काँग्रिगेशनल पंथाच्या दीक्षित धर्मसेविका. १९५४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी त्यांनी आपले काम सोडले. अविवाहित मुलीने हे करावे यात तेव्हा कोणालाच काही विशेष वाटले नाही. पगार बंद झाला, बरोबरीच्या माणसांची ऊठबस थांबली, वर्षे सरली. आपल्या त्या जीवनाला त्यांनी नजरकैदेची उपमा दिली आहे. आईवडिलांवर त्यांचे प्रेम नव्हते असे नाही. प्रेम असूनही माणूस कैदेत पडू शकतो, हे धैर्याने बोलून दाखवणाऱ्या त्या पहिल्या काही व्यक्तींपैकी एक होत्या.

१९६३ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहिले. उत्तरादाखल शेकडो स्त्रियांची पत्रे आली. प्रत्येकीला वाटत होते की आपले दुःख जगावेगळे आहे, आणि प्रत्येकीचे पत्र जणू दुसरीच्याच घरातून लिहिलेले होते. त्या पत्रांतून १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांसाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मेरी वेब्स्टर १९६९ मध्ये अकालीच वारल्या, पण काम थांबले नाही. १९७६ पासून ब्रिटनमध्ये घरी आजाऱ्याची सेवा करण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांना सरकारी भत्ता मिळू लागला.

या भत्त्यात एक मोठी मेख होती. विवाहित स्त्रियांना तो मिळत नसे. विवाहिता घरीच असते, तेव्हा सेवा केल्याने तिचे नुकसान ते काय, असा त्यामागचा विचार होता. जॅकलिन ड्रेक या विवाहितेने अपंगत्व आलेल्या आईसाठी १९८४ मध्ये नोकरी सोडली आणि भत्ता नाकारला गेल्यावर दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. जून १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, आणि निकालाच्या आदल्या दिवशीच ब्रिटिश सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचे जाहीर केले. दरम्यान १९८१ मध्ये ज्युडिथ ऑलिव्हर यांनी सर्व प्रकारच्या घरगुती शुश्रूषकांची संघटना काढली होती. आज इंग्रजीत 'केअरर' हा शब्द सहज वापरला जातो. तो या अर्थाने रूढ झाला तो याच चळवळीच्या काळात. कामाला आधी नाव मिळाले, मग हक्क मागता आला.

जपानी सुनेची कादंबरी

इंग्लंडमध्ये वृत्तपत्रातील पत्राने जे केले, ते जपानमध्ये एका कादंबरीने केले. सावाको आरियोशी ही बाप्तिस्मा घेतलेली कॅथलिक लेखिका. १९७२ मध्ये तिची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कचेरीत नोकरी करणारी अकिको ही सून, आणि स्मृती गेलेले तिचे सासरे शिगेझो. सासरे रात्री-बेरात्री उठतात, रस्त्यावर निघून जातात, स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत, पण सुनेला ओळखतात. मुलगा बाजूला राहतो आणि सारा भार सुनेवर पडतो. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जे घराच्या चार भिंतींत झाकून ठेवायचे, ते सारा देश आगगाडीत बसून वाचू लागला.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. सुनेने सासूसासऱ्यांचे करावे, हे जपानप्रमाणेच आपल्याकडेही गृहीत धरले जाते. ते तिने प्रेमाने करावे अशीही अपेक्षा असते, आणि ती थकली तर तिच्या संस्कारांवर बोट ठेवले जाते.

जानेवारी १९८० मध्ये क्योतो शहरात अशा कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. महिन्यातून एकदा भेटायचे, दूरध्वनीवरून सल्ला द्यायचा आणि भेटीला येऊ न शकणाऱ्यांसाठी एक पत्रिका काढायची, असा त्यांचा साधा कार्यक्रम होता. पत्रिकेचे नाव 'पोले-पोले'. हा स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ, हळूहळू, सावकाश. ज्याच्याशी एकेक वाक्य दहा वेळा बोलावे लागते त्याच्या सोबत्याला याहून योग्य उपदेश कोणता? पुढे २००० मध्ये जपानने दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सार्वत्रिक विमा सुरू केला आणि डिसेंबर २००४ मध्ये या आजारासाठी वापरला जाणारा हेटाळणीचा जुना सरकारी शब्द काढून त्याजागी आदराचा नवा शब्द योजला. लेखणीचे काम लेखणीने केले, बाकीचे काम संघटनेने आणि कायद्याने.

पत्रापासून पडद्यापर्यंत

अमेरिकेत बदलाची सुरुवात एका वैद्यकीय संपादकीयाने झाली. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या मेंदूरोगतज्ज्ञाने लिहिले की वार्धक्यातला बुद्धिभ्रंश आणि अल्झायमरचा आजार यांत वयापलीकडे भेद मानण्याचे कारण नाही, आणि तसे पाहिले तर हा देशातील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक ठरतो. एका लेखणीच्या फटक्याने दुर्मीळ आजार घरोघरचा आजार झाला. ठिकठिकाणी स्वतंत्रपणे निघालेले कुटुंबांचे गट १९७९ मध्ये सरकारी संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने एकत्र बसले आणि १९८० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष जेरोम स्टोन हे उद्योजक; त्यांची पत्नी या आजाराने ग्रस्त होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'डिअर ॲबी' या लोकप्रिय वृत्तपत्रीय सदरात 'न्यूयॉर्कमधील हताश' अशा सहीचे एक पत्र छापून आले. पतीला अल्झायमर झाला आहे, काय करावे कळत नाही, असा मजकूर. उत्तरात सदरलेखिकेने नव्या संघटनेचा पत्ता दिला. काही दिवसांत त्या छोट्या कचेरीत वीस हजारांहून अधिक पत्रे येऊन पडली. मेरी वेब्स्टरचीच कथा सतरा वर्षांनी, कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडत होती. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचे कुटुंबांसाठी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकात दिवस छत्तीस तासांचा आहे. रात्र ज्यांच्या वाट्याला येत नाही त्यांना या शीर्षकाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

कुटुंबांच्या बैठका सुरू झाल्या, पण त्यांतून एक कोडे उभे राहिले. ज्याला सोबतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच बैठकीला येता येत नाही, कारण घरी आजाऱ्याजवळ बसायला दुसरे कोणी नसते. दूरध्वनी होता, पण पहाटे तीन वाजता कोणाची झोप मोडायची?

या कोड्याचे एक उत्तर ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात शोधले गेले. तेथील विद्यापीठात १९८४ मध्ये टॉम ग्रंडनर यांनी संगणकावर एक सूचनाफलक सुरू केला होता. लोकांनी दूरध्वनीच्या तारेवरून आरोग्यविषयक प्रश्न टाकावेत आणि डॉक्टरांनी तेथेच उत्तर द्यावे, अशी ती सोय. त्याचे नाव त्यांनी गमतीने 'सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल' असे ठेवले. त्यातूनच १९८६ मध्ये नागरिकांसाठी 'क्लीव्हलँड फ्री-नेट' हे विनामूल्य संगणकजाळे निर्माण झाले. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते घराघरांत पोचण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट.

या जाळ्यावर पॅट्रिशिया ब्रेनन या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिकेने 'कॉम्प्युटरलिंक' नावाचा प्रयोग केला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या १०२ व्यक्ती निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील प्रत्येकाच्या घरी वर्षभरासाठी साधे संगणकयंत्र दूरध्वनीच्या तारेला जोडून दिले. पडद्यावर चित्रे नव्हती, फक्त अक्षरे. तीन सोयी होत्या. आजाराविषयी माहितीचा कोश, निर्णय घेण्यास साह्य करणारी प्रश्नावली, आणि एकमेकांशी व परिचारिकेशी पत्रव्यवहार. चोवीस तासांत केव्हाही लिहावे, केव्हाही वाचावे. आपले खरे नाव सांगण्याची सक्ती नव्हती. सर्वांत अधिक वर्दळ राहिली ती पत्रव्यवहाराच्या विभागात. लोकांना माहिती हवी होतीच, पण त्याहून अधिक हवे होते ते आपल्यासारखे दुसरे माणूस.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रामाणिक आहेत, म्हणूनच विचार करण्याजोगे आहेत. यंत्र मिळालेल्यांचा निर्णय घेण्यातला आत्मविश्वास वाढला. निर्णय घेण्याचे कौशल्य मात्र वाढल्याचे दिसले नाही. आणि ज्यासाठी मुख्यतः हा खटाटोप होता तो एकाकीपणा, मोजमापाच्या कसोटीवर, कमी झाला नाही. १९९८ मध्ये त्याच माहितीचा दुसऱ्या दृष्टीने अभ्यास झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. शुश्रूषेचा काही प्रकारचा ताण या सोयीने कमी झाला होता, पण तो मुख्यत्वे कोणाचा? ज्यांच्याभोवती नातेवाईक आणि स्नेहीसोबत्यांचा गोतावळा आधीपासूनच मोठा होता त्यांचा, रुग्णाच्या पतिपत्नींचा, आणि जे रुग्णासह घरात एकटेच नव्हते त्यांचा. मात्र आरंभी ज्यांच्यावर ताण अधिक होता, त्यांच्यापैकी जे पत्रव्यवहारात वारंवार भाग घेत, त्यांनाही उतार पडला.

पडदा माणसाची जागा घेत नाही, हे आपण वारंवार ऐकतो. ते ऐकून कंटाळलोही आहोत. क्लीव्हलँडच्या आकड्यांनी सांगितलेली गोष्ट याहून नेमकी आहे. पडद्यावरची सोबत पुष्कळदा तिथेच फळते जिथे दारात येणारी माणसेही आहेत. ज्या घरात कोणीच येत नाही, तिथे तिचे बळ अपुरे पडते.

आपल्या भूमीवर

भारतात या आजाराविषयीची पहिली राष्ट्रीय संघटना १९९२ मध्ये केरळात, कोचीन येथे स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. जेकब रॉय यांचे वडील स्मृतिभ्रंशाने आजारी होते. म्हणजे येथेही आरंभ घरच्या दुःखातूनच झाला. १९९४ पासून २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. १९९८ मध्ये कोचीनलाच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून '१०/६६' या नावाचा संशोधकांचा गट निघाला. नावातच आरोप आहे. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावर होणारे संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी.

या गटाशी जोडलेले एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारी गोव्यात झाले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तेथील वृद्धांशी, कुटुंबांशी आणि आरोग्यसेवकांशी बोलून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मृती गेलेल्या वृद्धाचे वर्णन ऐकताच लोक ते ओळखत, पण त्याला आजार मानत नसत. वय झाले की असे होणारच, ही समजूत. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची आबाळ होत नाही, हा आपला लाडका समज. तोही या पाहणीत डळमळला. सेवा अनेकदा वारशाशी जोडलेली दिसली, आणि उद्या आपण परावलंबी झालो तर काय, ही धास्ती वृद्धांच्या बोलण्यातून वारंवार डोकावली.

पुढे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत एक साधा उपाय करून पाहिला. ८१ कुटुंबे निवडली. त्यांपैकी ४१ कुटुंबांकडे प्रशिक्षित गृहसल्लागार पाठवले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन तयार केले होते. सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, ते घरी येत, बसत, ऐकून घेत. आजार म्हणजे काय ते समजावीत. आजोबा संशय घेतात तो स्वभाव नसून आजार आहे, हे सांगत. अंघोळ घालताना, जेवू घालताना येणाऱ्या अडचणींवर तोडगे सुचवीत, घरातल्या इतरांनी भार वाटून घ्यावा म्हणून त्यांच्याशी बोलत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार रुग्णांचा आजार काही हटला नाही. पण सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात ठळक सुधारणा झाली आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा मनस्ताप कमी झाला.

आता याच्या शेजारी एक अलीकडचा प्रयोग ठेवून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या शुश्रूषकांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा इंटरनेटवरून शिकण्याचा पाठ्यक्रम तयार केला. भारतात त्याची चाचणी घेण्यात आली; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १५१ शुश्रूषकांनी नाव नोंदवले, तीन महिन्यांच्या अखेरीस उरले ५५. मनाची खिन्नता आणि कामाचा भार यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही, मात्र पाठ्यक्रम घेणाऱ्यांची रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी सुधारली. जे गळाले त्यांना दोष देता येणार नाही. पाठ पूर्ण करायलाही निवांत अर्धा तास लागतो, आणि त्यांच्याकडे नसते ती नेमकी तीच गोष्ट.

तरीही ही साधने टाकाऊ आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली, दिवसापुरती सोय करणारी केंद्रे बंद झाली, शेजाऱ्यालाही उंबरा ओलांडता येईना, तेव्हा अनेक घरांना मोबाइलच्या पडद्यावरील चार ओळखीचे चेहरे हाच आधार उरला होता. मुलगा आखातात आणि मुलगी कॅनडात असलेल्या आपल्या कुटुंबांत तर दूरवरून विचारपूस करण्याचे दुसरे साधन नाही. आईला काय झाले आहे ते परदेशातल्या भावाला कळावे, आणि घरी राहून करणाऱ्या बहिणीला त्याने उपदेशाऐवजी धीर द्यावा, एवढे जरी पडद्याने साधले तरी ते थोडे नव्हे.

वाटा कोणाचा?

वृद्धांच्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या प्रत्येकामागे निदान एक जागणारे माणूस आहे असे धरले, तर एखाद्या महानगराइतकी लोकसंख्या रात्री जागी असते. आपल्याकडे २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांनी आईवडिलांना सांभाळलेच पाहिजे असे तो बजावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या कायद्याने आपल्यापुढे तसाच ठेवला आहे.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. पहिले पाऊल कोणत्याही सरकारने टाकले नाही. एका थकलेल्या माणसाने दुसऱ्या थकलेल्या माणसाला उद्देशून काहीतरी लिहिले, तेव्हा वाट फुटली. वृत्तपत्रातले पत्र, कादंबरी, पत्रिका, पडद्यावरची अक्षरे. साधन बदलत गेले, मजकूर एकच राहिला. 'माझ्याकडेही असेच आहे.' लाज आणि अपराधीपणा यांची गाठ या तीन शब्दांनी जितकी सैल होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही. दुर्दैवाने हे शब्द आजवर बहुतांशी इंग्रजीत बोलले गेले. आजारी माणूस शेवटी मातृभाषेकडे वळतो. गेल्या तीस वर्षांतले विसरतो आणि बालपणीचे बोलतो. त्याला सांभाळणाऱ्याचे दुःखही मातृभाषेतच मोकळे होणार. मराठीत, आणि आपापल्या बोलीत, असे बोलण्याची जागा निर्माण करणे हे काम आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या समाजाचे आहे.

दुसरे काम याहून सोपे आणि म्हणूनच अधिक राहून जाणारे आहे. आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांना भेट देण्याची प्रथा जुनी आहे. आपण जातो, आजींजवळ बसतो, जपमाळेचे एक दशक म्हणतो. नावे विसरलेल्या आजी प्रार्थना मात्र न अडखळता म्हणतात, हे पाहून आपले डोळे पाणावतात. मग चहा घेऊन आपण उठतो. चहा कोणी केला, ती रात्री किती वाजता झोपली, हे विचारायचे राहून जाते. गोव्यातल्या त्या सल्लागारांनी याहून फार मोठे काही केले नव्हते. ते पुन्हा येत राहिले, आणि त्यांनी आजाऱ्याइतकीच सांभाळणाऱ्याचीही चौकशी केली.

पुढच्या भेटीच्या वेळी आपण तिला म्हणावे, "तू दोन तास जाऊन नीज. आजींजवळ मी बसते." आजी गाठोडे घेऊन दाराशी गेल्या तर त्यांना थोडे अंगणात फिरवून आणावे आणि पुन्हा आत न्यावे. त्या विचारतील, "हे कोणाचे घर?" आपण सांगावे, "आपलेच." दोन तासांनी सून उठेल तेव्हा आजींना आपण येऊन गेल्याचे आठवणार नाही. तिला आठवेल.